छापील देवांची कैफियत

सांगवीत जुन्या घराची डागडुजी निघाली, की देव्हाऱ्यावरची काळवंडलेली छापील तसबीर आधी उतरते, आणि ‘बाजारू छाप ती, तिच्यात कला कसली?’ असा निकाल घरातले सुशिक्षितच देऊन मोकळे होतात. त्या एकतर्फी निकालाविरुद्ध ही कैफियत आहे.

पूर्वपक्ष असा: छापील प्रत ही मूळ कृतीची निकृष्ट छाया, त्यातही लाकडी ठसा म्हणजे ओबडधोबड कारागिरी, समर्थ कलावंत ताम्रपटाकडेच वळावयाचा.

यांपैकी दुसरा आक्षेप आधी घेऊ. ताम्रपट कोरणारे निष्णात हात दिमतीला असताना अँटवर्पच्या चित्रकार रूबेन्सने १६३० नंतरच्या दशकात ख्रिस्तोफेल येघर याच्याकडून बुद्ध्याच लाकडी ठसे करवून घेतले. ताम्रपटात शाई खोदलेल्या रेषेत उतरते. लाकडात छापावयाची रेषा उंच राखून भोवतालचे सारे लाकूड काढावे लागते, आणि छायेसाठी रेषांची जाळी हवी असेल, तर तिच्यातले चिमुकले घर न् घर स्वतंत्रपणे कोरावे लागते. सुरी घसरली, की रेषा गेलीच. ख्रिस्ताला मोह घालणाऱ्या सैतानाच्या चित्रात येघरच्या जाड, फुगत जाऊन निमुळत्या होणाऱ्या रेषांनी देहांना जे वजन आणले आहे, ते लाकडाच्या या विरोधातूनच निपजले आहे. त्याला ओबडधोबड म्हणणे म्हणजे सतारीसारखा वाजत नाही म्हणून पखवाजाला दूषण देणे होय.

पहिल्या आक्षेपाला तर अग्नीनेच जबाब दिला. ख्रिस्ताच्या मोहाचा हाच प्रसंग रूबेन्सने अँटवर्पच्या जेझुइट चर्चच्या छतासाठी रंगविला होता. १७१८ साली वीज पडून ते छत भस्मसात झाले, येघरचे छाप मात्र राहिले. दापोडीहून लोणावळ्याच्या लोकलने गाठता येणाऱ्या मळवलीचा दाखलाही असाच आहे. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत निघालेला छापखाना पुढे तेथे आला. तेथील काम लाकडाचे नव्हे, शिळाछापाचे. एकेका रंगाला वेगळा दगड. १९७२ च्या आगीत तो छापखाना खाक झाला, तरी तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती, देवळाची पायरीही ज्यांना वर्ज्य होती त्यांच्यासुद्धा घरांत, केव्हाच नांदू लागल्या होत्या.

सबब आमचा सिद्धान्त असा, की अनेक होण्यासाठीच जी कृती योजली, तिची प्रत्येक प्रत ही मूळच होय. सुमार ठसेही ढिगाने निघाले, हे आम्हांस नाकबूल नाही. परंतु दुर्मिळतेवरून मोल ठरविणे हा सराफकट्ट्याचा दंडक झाला. रसिकाने रेषा पाहावी, आणि मग प्रतिकूल निकाल द्यावयाचा असेल तर तो खुशाल द्यावा.