जुनी सायकल भिंतीवर नको, रस्त्यावर हवी!

तुमच्या सोसायटीच्या जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात एक सायकल असतेच. हवा गेलेली, सीट फाटलेली, हँडलवर धुळीचा थर. कुणाची आहे, हे कुणालाच आठवत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याकडे जाणार, तीही किलोच्या भावाने. जाण्याआधी एकदा खाली वाकून तिच्याकडे नीट बघा, एवढीच विनंती.

हँडलखाली पुढच्या नळीवर कंपनीचा बिल्ला असतो. तो कापडाने पुसा. हर्क्युलस निघाली तर ती बहुधा चेन्नईजवळच्या अंबत्तूरची, सेन-रॅले असेल तर आसनसोलची, अॅटलस असेल तर सोनिपतची. आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं रेसिंग हँडल आणि फ्रेमच्या खालच्या नळीवर गिअरचे दोन छोटे दांडे दिसले, तर तुमची लॉटरी लागली म्हणून समजा! असल्याच स्टीलच्या सायकलींवर मुंबई-पुणे शर्यतीतले गडी बोरघाट चढायचे आणि ‘घाटाचा राजा’ व्हायचे.

सध्या ‘व्हिंटेज’चा ट्रेंड आहे, हे मान्य. पण बहुतेक ठिकाणी होतं काय? जुनी सायकल घ्यायची, सगळा रंग खरवडायचा, मॅट ब्लॅक पावडर कोटिंग मारायचं, मडगार्ड-कॅरिअर काढून टाकायचं, रील बनवायचं आणि सायकल कॅफेच्या भिंतीवर टांगायची. माझ्या मते याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत. हा सायकलचा फोटो काढून तिला हार घालण्याचा प्रकार झाला. सायकलवरची मूळ अक्षरं, सोनेरी रेघा, ओरखडे हा तिचा बायोडेटा असतो. नवा रंग कधीही मारता येतो, जुना मात्र एकदा गेला की गेला. त्यामुळे आधी साबणाचं पाणी, मग मऊ कापड आणि थोडं तेल. एवढ्यावरच निम्मी सायकल उजळते.

इटलीत टस्कनीमध्ये १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची राइड होते. तिथे १९८७ किंवा त्याआधीच्या रोड बाइक लागतात, आणि त्या घेऊन लोक खडीच्या कच्च्या रस्त्यांवर उतरतात. तिथे जुन्या सायकलीला मान आहे तो ती चालते म्हणून. आपणही तेवढंच शिकायचं.

आता कामाचं बोलू. जुनी सायकल हे मेकॅनिकलचं सगळ्यात स्वस्त प्रॅक्टिकल आहे. कुठलीच गोष्ट झाकलेली नाही, सगळं डोळ्यांसमोर फिरतं. काही गमती आधीच सांगून ठेवतो. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. नेहमीसारखं सोडवायला गेलात तर आणखी घट्ट बसेल. चेनच्या बारा इंचांना पट्टी लावा. १/१६ इंच जास्त भरलं तर चेन बदला. १/८ भरलं तर फ्रीव्हीलचे दातेही गेले असं समजा. पेडलच्या दांड्यातली कॉटर पिन काढताना नट पूर्ण काढू नका. तो पिनच्या टोकाशी ठेवा, दांड्याला खालून भक्कम आधार द्या आणि मगच हातोडा घाला. नाहीतर आतल्या छर्‍यांची वाट लागते. २७ इंची चाकांच्या जागी आजची ७०० सी चाकं घातली, तर ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली आणावे लागतात. ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे का, हे चाकं विकत घेण्याआधीच मोजा.

आणि हो, यूट्यूबवर सगळं मिळेल, पण आधी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे जा. ‘ओव्हरऑइलिंग’ करून द्या म्हणा, आणि मोबाइल खिशात ठेवून शेजारी बसा. चाकाचा आउट ते स्पोकच्या आवाजावरून काढतात. कुठला आरा ढिला, हे त्यांना बोटांनी कळतं. हे ज्ञान कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यात काम थांबलं. त्याची निदान बातमी तरी झाली. काकांचं दुकान बंद होईल तेव्हा फक्त शटर खाली येईल, आणि वर मोबाइल कव्हरची पाटी लागेल. म्हणून त्यांच्याशी दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करू नका. ती मजुरी नाही, तुमची फी आहे.

‘एवढ्या पैशात नवी गिअरवाली येईल की!’ असं घरचे म्हणतील. कधीकधी ते बरोबरही असतील. फ्रेमला तडा असेल, नळी आतून गंजून पातळ झाली असेल, तर भावनेच्या भरात पैसे घालू नका. सुटे भाग काढून घ्या आणि दुसऱ्या सायकलीला लावा. पण फ्रेम ठणठणीत असेल, तर स्टीलसारखं दुसरं काही नाही. वाकलं तर सरळ होतं, तुटलं तर जाणकार माणूस जोडून देतो.

एका बाबतीत मात्र मी शुद्धतावाद्यांच्या विरोधात आहे: ब्रेक. क्रोम केलेल्या स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक नीट लागतच नाही. सायकल तुम्ही जुलैतही कॉलेजला नेणार असाल, तर अॅल्युमिनियमच्या रिम आणि नवे रबर बिनधास्त लावा. जुने भाग डब्यात जपून ठेवा. ओरिजिनॅलिटीपेक्षा तुमचे गुडघे महत्त्वाचे.

तेव्हा दिवाळीची वाट बघू नका. सोसायटीच्या ग्रुपवर आजच विचारा, ‘जिन्याखालची सायकल कुणाची?’ उत्तर आलं तर परवानगी घ्या, आणि त्या सायकलीची गोष्टही ऐका. मग हवा भरा आणि ट्यूब टिकते का ते बघा. पुढचं काका सांगतील.