निरुत्तर म्हणजे निकामी?

शहाडजवळ सिग्नल बिघडून लोकल खोळंबली की प्रवासी चडफडतात. पण त्या लाल दिव्यामागे एक तत्त्व आहे. रुळांतील विद्युतप्रवाह खंडित झाला, तर यंत्रणा धोका गृहीत धरते. येथे चुकीच्या संशयाची किंमत बहुधा विलंबाएवढीच असते.

बँक व्यवहारांसारख्या ऑनलाइन सेवांत कामाची वाटणी करणारा 'लोड बॅलन्सर'ही असाच संशयी असतो. दर काही सेकंदांनी तो प्रत्येक सर्व्हरला हाक देतो. ओळीने ठरावीक वेळा उत्तर आले नाही, की तो सर्व्हर बंद मानून त्याचे काम इतरांकडे वळवतो. मात्र हा निर्णय चुकला, तर उरलेल्यांवरील भार वाढतो.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रांत हेच घडले. आधीच्या बिघाडामुळे नेटवर्कची माहिती नव्या सर्व्हरपर्यंत वेळेत पोहोचत नव्हती. सुस्थितीतील यंत्रेही तपासणीत कधी नापास, कधी उत्तीर्ण ठरत होती. अखेर अभियंत्यांनी ही स्वयंचलित वळवणूकच थांबवली, तेव्हा सुस्थितीतील क्षमता पुन्हा सेवेत आली.

एक सर्व्हर निरुत्तर झाल्यास संशय त्याच्यावर घेणे रास्त. परंतु बहुसंख्य एकाच वेळी निरुत्तर झाले, तर आधी तपासणीच तपासली पाहिजे.