कुरवांना साक्षीला बोलवा, पण पाण्याचा हिशेब द्या!

श्रीगोंद्यापासून समुद्र सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. मध्ये सह्याद्रीची भिंत आहे आणि भिंतीच्या अलीकडे पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा आहे. तरीही दर हिवाळ्यात या भागात, विशेषतः उजनीच्या फुगवट्यावर, पांढऱ्या अंगाचे व लांब पंखांचे पक्षी थव्याथव्याने उतरतात. मुंबईच्या किनाऱ्यावर त्यांना ‘सीगल’ म्हणतात; मराठीत त्यांचे नाव कुरव. त्यांची छायाचित्रे छापून येतात आणि त्याखाली ठरलेला उद्गार असतो : दुष्काळी मुलखात समुद्रपक्षी आले, हवामान बदलले! मग कट्ट्यावरच्या गप्पांपासून पुढाऱ्यांच्या भाषणांपर्यंत एकच सूर लागतो. निसर्गच फिरला, त्यापुढे सरकार काय करणार आणि कारखाना तरी काय करणार?

हा सूर निरागस नाही. हवामान बदलले आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या बदलाआड कोण लपते याबद्दल. ज्या गोष्टी माणसांनी ठरवून केल्या, त्या निसर्गाच्या नावावर टाकल्या की जबाबदारी कोणाचीच उरत नाही. म्हणून या पक्ष्यांची साक्ष नीट ऐकली पाहिजे. त्यांच्या तोंडी जे घातले जाते, ते त्यांचे म्हणणे नाही.

पहिली गोष्ट अशी की, उजनीवर येणारा कुरव समुद्र सोडून वाट चुकलेला पक्षी नव्हे. तपकिरी डोक्याचा कुरव वीण घालतो तो लडाखच्या, तिबेटच्या आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवरील सरोवरांच्या काठी. त्सो मोरीरी आणि त्सो कार ही त्याची माहेरघरे समुद्रापासून शेकडो कोस दूर आहेत. तेथे पाणी गोठू लागले की तो दक्षिणेकडे निघतो आणि जेथे उघडे पाणी व मासळी मिळेल तेथे हिवाळा काढतो. त्याला मुंबईची खाडी जशी, तसाच उजनीचा जलाशय. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात यावे आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतावे, हा त्याचा क्रम आहे. वादळाने किनाऱ्यावर फेकलेले खोल समुद्रातले पक्षी निराळे. पावसाळी वाऱ्यांत थकून कोकणच्या किनाऱ्यावर पडलेले असे पक्षी सापडतात. त्यांची आणि या हिवाळी पाहुण्यांची गल्लत करून हवामानाचे भाकीत सांगणे म्हणजे पंचांग न उघडताच मुहूर्त काढणे होय.

मग कुरव येथे आला कशामुळे? माणसाने समुद्राएवढे पाणी अडवले म्हणून. १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी सामावणाऱ्या या जलाशयाने सोलापूर, पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या सीमेवर एक आतला समुद्रच निर्माण केला. भिगवणचा पाणथळ पट्टा श्रीगोंद्यापासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत आहे. पेडगावच्या किल्ल्याखालून वाहणारी भीमा पुढे याच फुगवट्यात जाते. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला घोड धरण आहे, ब्रिटिश काळातला विसापूरचा तलाव आहे, कुकडीचा डावा कालवा आहे. या पाण्यासाठी गावे उठली, गावठाणे बुडाली. पळसदेवचे प्राचीन मंदिर उन्हाळ्यात पाण्याबाहेर डोके काढते, तेव्हा त्या बुडालेल्या जगाची आठवण होते. पक्ष्यांच्या येण्याचे कौतुक करणाऱ्यांनी त्या घरांचीही आठवण ठेवली पाहिजे. कुरव हे त्या विस्थापनाचे अनपेक्षित लाभार्थी आहेत. पण त्यांनी कोणाची जमीन घेतली नाही आणि कोणाचे पाणी पळवले नाही.

पाणी पळवणारे दुसरे आहेत. महाराष्ट्रातील लागवडीखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा अवघा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा निम्म्याहून अधिक. ही गोष्ट आता शासनदरबारी कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. श्रीगोंदा तालुक्यात हे चित्र डोळ्यांनी दिसते. कालव्याच्या अंगाला उसाची हिरवी भिंत आणि त्यापलीकडे कोरडवाहू ज्वारी. कुकडीचे आवर्तन केव्हा सुटणार, यावर जुन्नर, आंबेगाव, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा असा तालुक्यातालुक्यांचा तंटा लावून दिला जातो. शेपटाकडचा शेतकरी वरच्या शेतकऱ्याला शिव्या देतो. तालुका तालुक्याशी भांडत असताना पीकपद्धतीचा प्रश्न मात्र कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कोणी विचारत नाही. उजनीचा कुरव हे भांडण जाणत नाही. त्याला पाणी वर्षभर दिसते, कारण निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला तेही दिसत नाही.

कुरवांच्या येण्याच्या सुमारासच या मुलखात दुसरेही स्थलांतर होते. पाथर्डी, जामखेड आणि बीडच्या डोंगराळ भागातून ऊसतोड मजूर गाड्यांवर संसार बांधून कारखान्यांच्या फडांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेपासून तोडणी. रानात पाचटाच्या कोप्या. मुलांची शाळा सुटलेली. गाळप संपले की तेही उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दोन्ही स्थलांतरांची वेळ एक आहे, पण भाग्य एक नाही. पक्ष्यांसाठी पर्यटन आहे, होड्या आहेत, दुर्बिणी आहेत. कोयत्यासाठी प्यायचे पाणीही मुकादमाच्या मर्जीवर आहे. अवकाळी पाऊस पडून फडात चिखल झाला की तोड थांबते. आणि मजुरी टनावर असल्यामुळे थांबलेल्या दिवसाचा छदाम मिळत नाही. हवामान बदलाचा पहिला दंड ज्याला बसतो त्याचे नाव कोणत्याही पंचनाम्यात नसते.

पक्ष्यांच्या आगमनाने पाणी स्वच्छ असल्याची ग्वाही मिळते, असाही एक भाबडा समज आहे. पुणे व पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि दौंड-श्रीगोंद्याच्या काठाने उजनीत साठते. अशा पाण्यात शेवाळ माजते, चिलापी वाढते आणि त्यावर जगणारे काही पक्षीही वाढतात. थवा मोठा म्हणून पाणी चांगले, हा न्याय लावायचा तर उकिरड्यावरचे कावळे मोजून गावाचे आरोग्य ठरवावे लागेल. त्याच काठावर खरोखर नदीचा असलेला पक्षी मात्र हटत चालला आहे. नदी सुरय हा कुरवांचा भाऊबंद. तो नदीतल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतो. जगभरच्या यादीत त्याची नोंद आता ‘असुरक्षित’ अशी झाली आहे. भीमा आणि घोड या नद्यांतली वाळू रात्रीच्या अंधारात कोणाच्या डंपरांतून जाते, हे श्रीगोंद्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पाहुण्या कुरवाचे स्वागत आणि घरच्या सुरयाचे घरटे उद्ध्वस्त, हा काही हवामानाचा चमत्कार नव्हे.

आता खऱ्या बदलाकडे यावे. समुद्रावरून आत येणारी वस्तू पक्षी नव्हे, वादळ आहे. गेल्या काही दशकांत अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान एक अंशाहून अधिक वाढले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले की, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. एकट्या २०१९ साली तेथे पाच चक्रीवादळे झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि घाट ओलांडून पुणे, नगर, नाशिककडे सरकले. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. पक्ष्यांनाही याची झळ लागते : पावसाळा लांबून जलाशय तुडुंब राहिला की काठची दलदल उघडी पडत नाही आणि चिखलात चरणारे रोहित पक्षी उशिरा उतरतात.

श्रीगोंद्याच्या लिंबाच्या बागांत हा बदल अधिक क्रूरपणे वाचता येतो. उन्हाळ्यात भाव मिळावा म्हणून शेतकरी हस्त बहार धरतो. त्यासाठी पावसाळा सरताना झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. ऑक्टोबरात अवकाळी पाऊस झाला की ताण मोडतो, फूल लागत नाही. पण झाड हिरवेगार उभे असते. तलाठ्याच्या पंचनाम्याला पडलेले पीक दिसते. न लागलेले फूल दिसत नाही.

आणि मदतीचे नियम तरी कसले? मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला तर अतिवृष्टी. एका मंडळात दहा-पंधरा गावे. यंत्र एका गावात, ढगफुटी दुसऱ्या गावात. म्हणजे दुसऱ्या गावात पाऊस झालाच नाही! २०१९ च्या अवकाळी पावसानंतर राष्ट्रपती राजवटीत खरीप पिकांना हेक्टरी ८,००० आणि फळबागांना हेक्टरी १८,००० रुपये जाहीर झाले, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. २०२३ साली एक रुपयात पीक विमा आला, वाजतगाजत आला. २०२५ साली गुपचूप गेला. गैरव्यवहार झाले हे खरे. पण बनावट अर्ज भरणाऱ्यांची शिक्षा खऱ्या शेतकऱ्याला का? सातबाऱ्यावर नाव नसलेला बटाईदार आणि बुडालेल्या रोजगाराचा मजूर तर या साऱ्या हिशेबाबाहेरच राहिला.

कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर निसर्गप्रेमाची व्याख्याने देऊन थांबू नये. नगर जिल्ह्याला पाण्याच्या समान वाटपाची परंपरा परकी नाही. संगमनेरचे दत्ता देशमुख, अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि देऊस्कर यांच्या समितीने १९७९ सालीच आठमाही सिंचनाचा विचार मांडला : बारमाही उसाऐवजी आठ महिने पाणी, आणि ते अधिक शेतकऱ्यांना. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर वाटले. भूमिहीनालाही हक्क दिला आणि उसाला मनाई केली. तेव्हाही ते अव्यवहार्य म्हणून हिणवले गेले. आज बेभरवशाच्या पावसात पाण्याचा एक वाफाही वाया घालवणे परवडत नाही, तेव्हा अव्यवहार्य काय आहे?

मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक गावात पर्जन्यमापक बसवा आणि त्याची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. नुकसान ठरवताना न लागलेला बहार, थांबलेली तोड आणि बुडालेली मजुरी धरा. कुकडी व घोडचे प्रत्येक आवर्तन मोजून द्या. शेपटाला आधी, मुखाला नंतर. भीमेत मैला सोडणाऱ्या शहरांकडून शुद्धीकरणाचा जाब घ्या. वाळूची बेटे सुरयाच्या विणीच्या काळात तरी हात न लावता राखा. ऊसतोड मजुरांच्या तळावर पाणी, निवारा आणि शाळा ही कारखान्याची जबाबदारी ठरवा.

हवेतला कर्बवायू श्रीगोंद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने वाढवला नाही. तो वाढवणाऱ्या देशांशी आणि भांडवलाशी लढा जगाच्या पातळीवर द्यावा लागेल. पण पाणी कोणाच्या रानात जावे हे न्यूयॉर्कमध्ये ठरत नाही. ते कालव्याच्या दारावर ठरते, आणि त्या दाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न निसर्गाचा नाही, राजकारणाचा आहे.