आई मारल्यावर पिल्लू कुणी सांभाळायचं?

बोर्निओतल्या अनाथ ओरांगउटानला दत्तक घेणं ही पैसेवाल्यांची हौस आहे, असा निवाडा एका विद्वान गृहस्थांनी नुकताच दिला. दरमहा पैसे भरायचे, फोटो आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं. तेच पिल्लू आणखी शेकडो लोकांनीही घेतलेलं. जंगल काही वाचत नाही आणि आपल्या दारातली मुलं उपाशीच. झालं त्यांचं म्हणणं.

दारातल्या मुलांसाठी ते स्वतः काय करतात, हे त्यांनी आधी सांगावं. एका पिल्लाचे पालक शेकडो असतात, कारण त्याचा खर्च एकट्याला झेपत नाही. चांगल्या संस्था हे लपवत नाहीत.

पण मला संताप आला तो त्यांच्या दुसऱ्याच मुद्द्याचा. ते म्हणतात, जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले की वनखातं त्यांना तिथेच ठेवतं, रात्री मादी येऊन घेऊन जाते. मग ओरांगउटानचेच एवढे लाड कशाला?

जुन्नरची मादी येते, कारण ती जिवंत असते. कालिमंतानातलं, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियन भागातलं पिल्लू माणसाच्या हाती लागतं ते बहुतेक वेळा आई मेल्यावरच. ते तिच्या अंगाला घट्ट धरून असतं, जिवंतपणी ती त्याला सोडत नाही. पिल्लू विकायचं तर आधी तिला मारतात. कधी ती पामच्या मळ्यात शिरली म्हणून मारतात. रात्री घेऊन जायला कोण येणार?

बरं, दिलं तसंच जंगलात सोडून, तर? हे पिल्लू सहा-आठ वर्षं आईजवळ राहून शिकतं. कुठलं फळ केव्हा पिकतं, कुठली साल सोलून खायची, वाळवी कुठे मिळते, हे तिच्या तोंडाशी तोंड नेऊन, तिच्या हातातलं मागून त्याला कळतं. रोज संध्याकाळी उंच झाडावर फांद्या वाकवायच्या, एकमेकींत अडकवायच्या, वर पानं अंथरायची आणि त्यावर झोपायचं. नवशिक्याचं घरटं अंगाखालीच उसकटतं. मध्य कालिमंतानात न्यारू मेंतेंगच्या पुनर्वसन केंद्रात 1999 पासून हेच शिकवलं जातं. स्थानिक बाया सकाळी पिल्लांना कडेवर घेऊन, कधी ढकलगाडीत बसवून झाडीत नेतात आणि जमिनीवर रेंगाळणाऱ्याला पुन्हा वर पिटाळतात. माणसाचा क्षय, कावीळ यांना होते, म्हणून आल्याआल्या तपासण्या आणि विलगीकरण. मोठं झालं की नदीतल्या बेटावर सराव, मग जंगल. याला लाड म्हणतात?

पिंजऱ्यातच ठेवलं तर काय बिघडतं, हा वाद बिन्नी गेली तेव्हाही झाला होता. पुण्याच्या कात्रजहून 2003 मध्ये ओडिशातल्या नंदनकाननला नेलेली ही मादी, भारतातली एकमेव ओरांगउटान, 2019 मध्ये वारली. पिंजऱ्यात निदान सुरक्षित तरी होती, असं हळहळणारेच म्हणत होते. त्यांना तेव्हा सांगितलं तेच आज सांगतो: सुरक्षित असणं आणि ओरांगउटान म्हणून जगणं एक नव्हे.

जंगल वाचवणं हे पहिलं काम, यात वादच नाही. 1999 ते 2015 या काळात बोर्निओतले लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. मादीला सात-आठ वर्षांतून एकच पिल्लू होतं, तेव्हा ही तूट कशी भरणार? पण जंगल वाचेपर्यंत हाती आलेल्या पिल्लाला मरू द्यायचं का? शिवाय पाम तेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. आपल्या फरसाणात, बिस्किटांत, साबणात ते असतं. बोर्निओशी आपला काय संबंध, हे विचारायची सोय आपल्याला राहिलेली नाही.

दत्तक योजनेची बाजू मी घेतो ती दरमहाच्या रकमेसाठी. बोर्निओत 2015 सारखे वणवे पेटले की टीव्ही बघून देणग्या येतात आणि आग विझली की आटतात. दूध, फळं, औषधं, बायांचा पगार मात्र सात-आठ वर्षं रोज लागतो. पैसे देण्याआधी संस्थेचे हिशेब आणि किती प्राणी जंगलात परतले हे जरूर विचारावं, मीही विचारतो.

आणि काही प्राणी कधीच परतू शकत नाहीत. कुणाला कावीळ आहे, कुणी अधू आहे, कुणी पिंजऱ्यात इतकी वर्षं काढली की शिकण्याचं वय गेलं. त्यांना पुढची कित्येक वर्षं सांभाळावं लागतं. तो खर्च कुणी करायचा, याबद्दल त्या गृहस्थांच्या लेखात एक शब्द नाही. पुढच्या लेखात त्यांनी तो लिहावा.