धान्याच्या कोठाराची किल्ली कुणाच्या हाती?

भुकेल्याला अन्न मिळाले पाहिजे, याबद्दल कुणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो देणारा कोण आणि घेणारा कोण, याचा. आणि ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या तीच का राहते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

अलीकडे शहराशहरांतून ‘अन्न बँक’, ‘रोटी बँक’ अशा नावांचे उपक्रम चालतात. लग्नकार्यात, हॉटेलांत उरलेले अन्न गोळा करून ते झोपडपट्ट्यांत वाटले जाते. फेकून दिले जाणारे अन्न कुणाच्या पोटात जात असेल तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. उपाशी लेकरापुढे तत्त्वज्ञान सांगून भागत नाही. परंतु ‘उरलेले अन्न’ हे शब्द कानी पडले की आमच्या माणसांच्या अंगावर काटा का येतो, हे या दानशूर मंडळींना ठाऊक नसावे. येसकराच्या पाळीला घरोघर फिरून मागितलेली शिळी भाकर हेच ज्यांच्या कामाचे मोल होते, त्यांची आम्ही नातवंडे-पतवंडे आहोत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा घरात दुसरे काही शिजत होते म्हणून लोकांनी ते ऐकले नाही. पोटाला चिमटा घेऊन ऐकले. २०२० च्या टाळेबंदीत पाच किलो पिठाच्या पिशवीसोबत फोटो काढून घेण्याचा जो बाजार भरला होता, तो पाहताना आम्हाला ही शिळी भाकरच आठवत होती.

अन्न बँक ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १९६७ साली ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल या गृहस्थांनी पहिली अन्न बँक काढली. दुकानांतून टाकून दिला जाणारा माल साठवायचा आणि गरजू लोकांपर्यंत पोहोचवायचा, अशी ती रीत. आज त्या देशात सुमारे २०० अन्न बँका एका जाळ्यात आहेत, कोट्यवधी लोक त्यांचा आधार घेतात. काम मोलाचे आहे. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात सहा दशके होत आली तरी ती रांग हटलेली नाही, कारण गोदाम मोठे झाले तरी रांगेतल्या माणसाच्या हाती जमीन, मजुरी किंवा निर्णय यांपैकी काहीच आले नाही.

याच्या नेमके उलट काम आपल्या शेजारी झाले आहे आणि ते आपल्या बायाबापड्यांनीच केले आहे. बीदर ओलांडले की लागणारा तेलंगणातला जहिराबादचा मुलूख पूर्वी आंध्र प्रदेशच्या मेदक जिल्ह्यात होता. १९८० च्या दशकापासून तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या पाठबळाने गावोगाव महिलांचे ‘संघम’ उभे राहिले. त्यातल्या बहुसंख्य बाया दलित, शेतमजूर. सरकारने दलितांना वाटलेली जमीन त्यांच्याकडे होती, पण कशी? मुरमाड, उताराची, पडीक. त्यात १९८३ पासून आंध्रात दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला. पोट भरले, पण कोरडवाहू ज्वारीला कुणी विचारीना आणि पडीक रान पडीकच राहिले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला लाल मिलो ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना परक्या धान्यावर जगणे काय असते ते समजावून सांगायला नको.

या बायांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाची मदत मिळवून गावाचा धान्यनिधी सुरू केला. पडीक रान असलेल्या शेतकऱ्याला नांगरट, शेणखत आणि पेरणीसाठी कर्ज दिले आणि त्याची फेड पैशात न घेता ज्वारीत घेतली. काम नीट झाले की नाही, हे बांधावर जाऊन पाहायला महिलांचीच समिती. जमलेली ज्वारी कडुनिंबाचा पाला घालून गावातच कणग्यांत साठवली. मग गाव एकत्र बसले, जमिनीवर गावाचा नकाशा काढला आणि कोण किती गरीब हे सर्वांसमक्ष ठरवले. दारिद्र्यरेषेची यादी तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या टेबलावर झाली नाही. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरातले दाणे संपलेले असतात, तेव्हा ही ज्वारी बाजारापेक्षा खूप कमी दराने त्या घरांना दिली. आलेला पैसा पुन्हा पडीक रानात. २०१९ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. आम्हाला मात्र पारितोषिकापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. जिच्या आईने पाटलाच्या खळ्यावर पदर पसरला, ती बाई आता कणगीपाशी उभी राहून कुणाला किती द्यायचे ते ठरवते, आणि प्रसंगी सवर्ण गरिबालाही तिच्याकडेच यावे लागते.

याचा अर्थ सरकारने अंग काढून घ्यावे असा कुणी लावू नये. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा हा हक्क आहे, उपकार नव्हे. जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालचे धान्य मोफत मिळते, ८० कोटींच्या आसपास लोकांना. ते कुणाच्या फोटोच्या पिशवीतून मिळाले तरी पैसा जनतेचाच आहे. पण हक्क कागदावर असून चालत नाही. पाच राज्यांतील ५३१ गावांच्या एका पाहणीवरून सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ साली दाखवून दिले होते, की रेशन दुकानात दलिताला माप कमी आणि भाव जास्त, असे प्रकार सर्रास चालतात. दुकान कुणाच्या वाड्यात आहे, यावर मापाचा ‘धर्म’ ठरतो! अंगठ्याचे यंत्र आले म्हणून वाड्याची मालकी बदलली नाही.

मराठवाड्यात आमच्या माणसांनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यापासून गायराने कसली, मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. त्यातली कित्येक आजही नावावर नाहीत. सातबाऱ्याची लढाई चालूच राहील. पण त्या रानात जे पिकते ते सुगीतच सावकाराच्या किंवा आडत्याच्या दारात जाते आणि आषाढात तेच दीडपटीने विकत घ्यावे लागते, हे थांबवायला कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहायची? प्रत्येक वस्तीत विहार आहे, विहाराला एखादी खोली आहे. जयंतीची वर्गणी आपण घरटी गोळा करतोच. पुढच्या सुगीत प्रत्येक घरातून पायलीभर ज्वारी गोळा करून कणगी भरता येईल. आषाढात ज्याला लागेल त्याने न्यावी, पुढच्या सुगीत मूठभर जास्त घालून परत आणावी. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि एकट्या बाया यांची नावे यादीत सर्वांत वर. यादी वस्तीसमोर वाचून दाखवावी. किल्ली मात्र महिला मंडळाकडेच असावी. कमिटीच्या अध्यक्षांनी खोली तेवढी रिकामी करून द्यावी.