इतिहासाची पदवी आणि कर्जाचा हिशेब

इतिहास शिकून पोट भरेल काय, हा प्रश्न बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. अमेरिकेत हाच प्रश्न आता सरकारने कायद्याच्या भाषेत विचारला आहे. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्यात पदवी अभ्यासक्रमांसाठी मिळकतीची कसोटी घालून दिली आहे. अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर चार वर्षांनी पदवीधरांची मध्यम मिळकत किती, याची तुलना केवळ हायस्कूलपर्यंत शिकलेल्या २५ ते ३४ वर्षे वयाच्या कमावत्या लोकांच्या मिळकतीशी केली जाईल. सलग तीन वर्षांपैकी दोन वर्षे पदवीधर मागे पडले, तर त्या अभ्यासक्रमासाठी केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्ज बंद होईल. या तरतुदीचा प्रारंभ १ जुलै २०२६ हा ठरविण्यात आला.

सरकारला ही चिंता का वाटावी, हे समजण्यासारखे आहे. त्या देशात सव्वाचार कोटींहून अधिक लोकांच्या डोक्यावर शिक्षणाचे सरकारी कर्ज असून त्याची एकूण रक्कम १.६ लाख कोटी डॉलरांच्या घरात आहे. कर्जाचा काही भाग माफ करण्याची माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द केली. अशा वातावरणात विद्यार्थी इतिहासाकडे पाठ फिरवितात, यात नवल नाही. २००८ च्या आर्थिक मंदीनंतरच्या दशकात तेथील इतिहासाच्या पदवीधरांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. कॅथलिक संस्थाही यातून सुटल्या नाहीत. व्हर्जिनिया राज्यातील मेरीमाउंट या कॅथलिक विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ विषयांतील पदव्या बंद करण्याचा ठराव केला. त्यांत इतिहास, तत्त्वज्ञान, इंग्रजी यांच्याबरोबर ईशज्ञानाचाही समावेश होता.

परंतु दोष विषयाचा की कर्जाचा, हे आपण तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी एक साधा हिशेब मांडू. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांत स्वतःच्या नावावर केंद्र सरकारकडून जास्तीत जास्त २७,००० डॉलर कर्ज मिळू शकते. २०२५-२६ या वर्षाच्या ६.३९ टक्के दराने ते दहा वर्षांत फेडायचे ठरविल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ३०५ डॉलर पडतो. आता समजा, पालकांनीही मुलासाठी कर्ज काढले. नव्या कायद्याने त्याची कमाल मर्यादा एका मुलामागे ६५,००० डॉलर केली आहे. ८.९४ टक्के दराने त्याचा हप्ता सुमारे ८२० डॉलर होतो. शिक्षण चालू असतानाचे व्याज यात धरलेलेच नाही.

पदवीधराला वर्षाला ४५,००० डॉलर पगार मिळतो असे मानले, तर पहिल्या हप्त्यापोटी पगाराचा बारावा हिस्सा जातो. दोन्ही हप्ते मिळून मात्र पगाराच्या तीस टक्क्यांइतकी रक्कम कुटुंबाला भरावी लागते. दोन्ही ठिकाणी विषय तोच, पदवी तीच आणि पगारही तोच. एका घरात ती पदवी सुसह्य ठरते, दुसऱ्या घरात गळफास होते. म्हणून ‘इतिहास परवडतो काय’ असे विचारण्याऐवजी ‘हे महाविद्यालय या दराने परवडते काय’ असे विचारणे अधिक योग्य होय.

चार वर्षांच्या मापालाही मर्यादा आहेत. इतिहासाचे अनेक विद्यार्थी पुढे कायद्याकडे किंवा अध्यापनाकडे वळतात. चौथ्या वर्षी कोणी नुकताच वकिली करू लागलेला असतो, तर कोणी शाळेत कमी पगारावर शिकवीत असतो. शिक्षकाची समाजाला किती गरज आहे, हे त्याच्या पगारावरून ठरत नाही. २००७ च्या एका कायद्यानुसार सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरणाऱ्याचे उरलेले सरकारी कर्ज माफ होते, ते याच जाणिवेतून. शिवाय, कर्ज थकण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळते ते शिक्षण अर्धवट सोडलेल्यांमध्ये, आणि पुष्कळदा त्यांचे कर्ज लहानच असते. न झेपणाऱ्या विषयात ढकललेला मुलगा मध्येच शिक्षण सोडून बसला, तर विषयाचा बाजारभाव त्याच्या काय कामाचा?

या व्यवहारात आम्हास एक मोठा धोका दिसतो. कर्ज बंद झाले तरी श्रीमंताचे मूल इतिहास शिकेलच. दार बंद होईल ते गरिबाच्या मुलापुढे. मग भूतकाळाची साक्ष तपासण्याचे, कोणाची बाजू नोंदली गेली आणि कोणाची गाळली गेली हे सांगण्याचे काम एकाच वर्गाच्या हाती राहील. ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा अभ्यास नव्याने व्हावा, म्हणून पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये खास पत्र लिहिले. इतिहासाची जाण नसलेला समाज सहज फसविला जातो, हे ध्यानात घेतले तर त्या पत्राचे महत्त्व कळते.

आपल्या धर्मग्रामांतील जी कुटुंबे मुलांना अमेरिकेला पाठविण्याच्या विचारात आहेत, त्यांनी एक गोष्ट विसरू नये. वर सांगितलेले सरकारी कर्ज विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी मुलांना मिळत नाही. आपल्याकडील बँकेचे मोठे कर्ज बहुधा घर किंवा जमीन तारण ठेवूनच काढावे लागते. तेव्हा निर्णयापूर्वी शिष्यवृत्ती वजा जाता प्रत्यक्ष खर्च किती, हप्ता किती आणि पहिल्या पगाराचा कितवा हिस्सा त्यात जाईल, हे कागदावर मांडावे. हिस्सा जड वाटला, तर महाविद्यालय बदलावे, किंवा पदवी येथेच कमी खर्चात घेऊन पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्तीची वाट पाहावी. मुलाची इतिहासाची आवड मात्र पहिल्याच बैठकीत खोडून काढू नये.