जामिनाची खबर

खैरलांजी गावातल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडाच्या अपिलावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी निकाल दिला. सहा जणांची फाशी रद्द होऊन २५ वर्षांची जन्मठेप झाली. वाद झाला तो फाशीवर आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या कलमावर. हत्याकांडामागे जात असल्याचे सिद्ध होत नाही, हा सूड होता, असे न्यायालयाने मानले. दलित बाईने गावातल्यांची नावे पोलिसांकडे घ्यावीत याचाच तो राग असेल, तर त्यातून जात वेगळी काढणार कशी? पण तूर्त न्यायालयाचेच कारण धरून चालू. सूड होता. कशाचा? जबाबाचा.

एका पोलीस पाटलाला मारहाण झाली होती. या कुटुंबातल्या मायलेकींनी मारणाऱ्यांना ओळखले, पोलिसांना तसे सांगितले. २९ सप्टेंबर २००६ रोजी आरोपींना अटक झाली. त्याच दिवशी जामीन मिळाला. त्याच संध्याकाळी जमाव मायलेकींच्या घरावर चालून गेला. आई, मुलगी आणि दोन्ही मुलगे मारले गेले.

मारहाणीच्या गुन्ह्यात जामीन होतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्या जबाबावर अटक झाली त्यांना ‘माणसे सुटली आहेत, सावध राहा’ एवढा निरोप धाडणे कायद्याने कोणाचेच काम नव्हते.

आज आहे का? २०१६ पासून अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा हक्क आहे. तो पीडिताला आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना. खैरलांजीत मार खाणारा माणूस वेगळा होता. मायलेकी नुसत्या साक्षीदार होत्या.

साक्षीदारांसाठी २०१८ ची संरक्षण योजना आहे. तीत आधी अर्ज करायचा, मग पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यायचा, त्याला कामकाजाच्या पाच दिवसांची मुदत. खैरलांजीत जामीन आणि हल्ला यांच्यात काही तासच गेले. तातडीच्या संरक्षणाचीही सोय योजनेत आहे, हे खरे. पण ते मागायचे तर आरोपी बाहेर आले आहेत हे आधी कळायला हवे.

जामिनाच्या आदेशाची प्रत तुरुंगाकडे जाते. तीच प्रत ठाणे अंमलदाराकडे जावी. आरोपी गावात पोचण्याआधी त्याने साक्षीदाराला फोन करावा, आणि केल्याची वेळ स्टेशन डायरीत लिहावी.